उंबऱ्याबाहेर गेलेलं पाणी

दोहा, बिन महमूद
सोमवार, १४ नोव्हेंबर १९८३

पोलिसांत तक्रार गेली असती तर दादाची नोकरी, व्हिसा, सगळंच धोक्यात आलं असतं.

आईकडून लागलेल्या सवयीने मी सकाळी उंबरा धुतला. पाणी जिन्यापर्यंत ओघळलं आणि समोरच्या घरातल्या पाकिस्तानी मावशी, ज्यांना आम्ही खाला म्हणतो, घसरल्या. मनगट मोडलं. दवाखान्यातून परतताना दिसलेलं ते पांढरं प्लास्टर डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यांचा मुलगा ओरडत होता, "केस करूंगा!"

दुपारी दादा म्हणाला, "एसीचं पाणी गळलं म्हणून सांग. खलास."

"मी खोटं नाही बोलणार, दादा."

"बी.ए. झालीस म्हणून कोर्ट तुला हार घालणार आहे का?"

त्याचंही चुकत नव्हतं. माझ्या खरेपणाची शिक्षा त्याने का भोगावी? तरी संध्याकाळी खालांकडे गेलेच. पुन्हा ते प्लास्टर. सगळं खरं सांगितलं.

खालांनी मुलाकडे पाहिलं. "किस पे केस करेगा? ये तो ख़ुद चलके आई है।" मग माझ्याकडे वळून डोळे वटारले, "और तू! पानी डाले तो चिल्लाके बता!"

मला रडूच फुटलं. परक्या मुलखात, परक्या बाईने आमचं घर वाचवलं. देवा, हे उपकार कसे फेडू?

हात बरा होईपर्यंत त्यांच्या रोट्या मी करणार. माझ्या गोल होत नाहीत, हेही आजच खरं सांगून आले.