सोळा दिवसांची दाढी

अंबरनाथ (पूर्व)
श्रावण शुद्ध चतुर्थी, शके १९०९

परमस्नेही रा. रा. दिनानाथराव यांस विष्णुपंताचे तीन साष्टांग नमस्कार (गुडघे अधू असल्याने तिन्ही मनानेच घातले आहेत, गोड मानून घ्यावेत). तुमचा दमा शांत असेल आणि तुमची रंगपेटी अशांत असेल, अशी आशा करतो. इकडे ईश्वरकृपेने सर्व क्षेम आहे. केवळ माझ्या हनुवटीची थोडी कातडी गेली. त्याचेच आख्यान निवेदन करतो.

आमच्या हौशी मंडळींनी आषाढात अंबरीषाची कथा रंगमंचावर आणली. दुर्वास मी. (चाळीस वर्षांत मला कोणी शांत ऋषी दिलेला नाही, आमच्या सौभाग्यवतीच्या, म्हणजे माईच्या मते ही पात्रनिवड अचूक आहे.) दाढी तुम्हीच दिलेली, दीड वीत, पण चिकटवायचा तुमचा डिंक संपलेला. म्हणून मी उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात चपला बनवणाऱ्या एका सिंधी गृहस्थांकडे गेलो. त्यांनी खळीची डबी हाती ठेवून सांगितले, "साईं, चप्पल टूटेगी, जोड नहीं छूटेगा." ऋषिवचनही एकवेळ मिथ्या होईल, यांचे झाले नाही. दुपारचा प्रयोग आटोपला, अंबरीष मिशी काढून घरी गेला आणि दुर्वास दाढीसकट घरी आला. खोबरेल झाले, रॉकेल झाले, उकळत्या पाण्याचा वाफारा झाला. दाढी मात्र ध्रुवासारखी अढळ.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बदलापूरचे हिंदुराव सहकुटुंब आमच्या पद्मजेला पाहायला येणार होते. मुलगा तिच्याच कचेरीतला. रुक्मिणीप्रमाणे तिने मनाने वरलेला. अडचण एकच, मुलाच्या मातोश्री मालिनीबाई यांना नाटकवाल्यांचे वावडे. तोंडाला रंग फासणाऱ्याच्या घरात सोयरीक नाही, असे त्यांनी आधीच कळवले होते. पद्मजा सकाळी माझ्यापुढे बसून म्हणाली, "बाबा, आजचा एक दिवस नट नसल्यासारखं वागाल?" मी दाढीकडे बोट केले. ती हसावे की रडावे या संधिकालात स्वयंपाकघरात गेली.

पाहुणे आले. मालिनीबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. तोच माई पदर सावरून म्हणाली, "यांचा चातुर्मासाचा नेम. कार्तिकी एकादशीपर्यंत वस्तरा नाही."

"आषाढी एकादशी होऊन सोळाच दिवस झाले. एवढ्यात एवढी?" मालिनीबाईंनी विचारले.

"यांचा नेम फार कडक असतो," माई म्हणाली.

दिनानाथराव, मी एक अक्षर बोललो नाही. धर्मराजाने निदान अर्धे सत्य उच्चारले, तरी त्याचा रथ भुईला टेकला. मी नुसता पाटावर बसून खाली खाली जात होतो. रंगभूमीवर आजवर पुष्कळ खोटे बोललो, त्याचे पाप लागले नाही, कारण समोरचा तिकीट काढून फसायला आलेला असतो. मालिनीबाई विनातिकीट आल्या होत्या. शिऱ्याचा घास दाढीत अडकून राहिला, तर त्या भक्तिभावाने म्हणाल्या, "अन्नाकडेसुद्धा लक्ष नाही हो यांचं." मग त्यांनी वाकून नमस्कार केला आणि मुलगी पसंत असल्याचे सांगितले. दाराआड पद्मजा तोंडात पदर कोंबून गदगदत होती. माई म्हणते आनंदाने. असेल.

दाढी पाचव्या दिवशी, जेवताना, स्वेच्छेने वरणात उतरली. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा स्नेहांकित,
विष्णुपंत

ता. क. लग्न मार्गशीर्षात आहे. तोवर मालिनीबाई दर सोमवारी शिवमंदिरात दर्शन घेऊन माझ्याही दर्शनाला येणार आहेत. तरी कृपा करून चार दाढ्या धाडाव्यात, प्रत्येक आधीच्या दाढीपेक्षा चार बोटे लांब. डिंक विसरू नये.

ता. क. दुसरे. सोबत एक काळी राजमिशीही ठेवावी. निघताना हिंदुराव चपला घालण्याच्या निमित्ताने माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "व्याही, काल मी तिसऱ्या रांगेत होतो. तुमचा दुर्वास फर्मास. अंबरीष मात्र अगदीच मिळमिळीत." परवापासून ते माझ्याकडे प्रवचन ऐकायला येत आहेत, असे त्यांच्या घरी सांगितले आहे. त्यांचे संवाद निम्मे पाठ झाले.

ता. क. तिसरे. हिंदुरावांना अंबरीष देण्याची सूचना माईची होती. तिची भूमिका कोणती, ते अजून तिने आम्हा दोघांनाही सांगितलेले नाही.