वीतभर डावीकडे, वीतभर उजवीकडे

रविवार, ६ एप्रिल

काढलं मला! आमच्या स्कीच्या बोटीच्या चाकावरून. वीस वर्षांनी, दोन वाक्यांत.

दादाचा एक पाय वेटसूटमध्ये, एक बाहेर. त्याच अवतारात म्हणाला — "छोट्या, या वर्षापासून बोट डॉक्टर चालवतील. तू आता जरा आराम कर." सत्तावन्न वर्षांचा छोट्या! आराम कर म्हणे. डॉक्टर म्हणजे दातांचा डॉक्टर, दादाच्या शेजारच्या घरातला. मागच्या वर्षी हौस म्हणून बोट चालवायला शिकला. कोणाकडून? माझ्याकडून.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे गरज सरली माझी, आणि वैद्य येऊन चाकावर बसला.

किल्ली काढून दादाच्या हातावर ठेवली. किल्लीला बोटीच्या तळाचं बूच बांधलेलं — ही माझी पद्धत. बूच विसरून बोट पाण्यात ढकलली तर संपलंच, म्हणून दोन्ही एकत्र. तेही गेलं. खिसा दिवसभर हलका लागत होता, सारखा हात जात होता.

सोमवार, ७ एप्रिल

ही विचारते, "अहो, बोट गेली की तुम्ही गेलात? चेहरा बघा आरशात."

म्हटलं, बोट निम्मी माझी आहे. कागदावर दोघांची नावं आहेत.

"मग निम्मी घरी आणा. बाल्कनीत ठेवू."

हिला सगळ्याचीच थट्टा! पण खरंच, त्या बोटीचं कोणी केलं सगळं? तेल मी बदललं. थंडीआधी इंजिनातलं पाणी मी काढलं. उंदरांनी मागची सीट कुरतडली तेव्हा दाभण घेऊन मी बसलो. दादाने काय केलं? बोटीमागे दोराचं हँडल धरून पाण्यावर स्की केली आणि लोकांच्या टाळ्या घेतल्या.

मीही स्की करायचो. दादापेक्षा बरी करायचो, हे त्याचेच मित्र सांगतील. मग एकदा पडलो तेव्हा स्कीवरचा मागचा बूट पायातून सुटलाच नाही. स्की एकीकडे फिरली, गुडघा दुसरीकडे. त्यानंतर मला चाकच उरलं होतं.

शनिवार, १२ एप्रिल

जायचं नाही ठरवलं होतं. गेलो. झाडामागे वगैरे नाही, चांगला उघड किनाऱ्यावर बसलो.

डॉक्टर चार पाहुण्यांना समजावत होते, जणू हा खेळ त्यांच्याच दवाखान्यात निघाला — "पाण्यात सहा बोये, तीन या बाजूला, तीन त्या बाजूला. बोट मधून सरळ जाणार. स्कीवाल्याने दोराला लटकून आडवंतिडवं जात सहाहीला बाहेरून वळसा घालायचा. सहा झाले की दोर एक कडी आखूड करायचा, प्रत्येक कडीचा रंग वेगळा. जितका दोर आखूड, तितकं बोयापर्यंत पोचणं अवघड." मान हलवत होते पाहुणे. पुढचं त्यांना सांगितलं नाही, कारण ते डॉक्टरांना माहीतच नाही. स्कीवाला ओढायला लागला की बोटीचं ढुंगण त्याच्याकडे खेचलं जातं. तेव्हा चाक किती आणि कधी फिरवायचं, ते हाताला कळावं लागतं. वेग आपोआप एकसारखा ठेवायला आता बोटीत डबा बसवलाय. हात कुठून बसवणार?

हिरव्या कडीवर दादाचे बोये झाले — दोन! तिसऱ्याला पोचलाच नाही, धप्पकन पाण्यात. सहावाला माणूस दोनवर!

वर आला तो स्की उलटी करून तळाचं पातं बघतोय. "फिन हललीय वाटतं."

नाचता येईना, अंगण वाकडं.

बुधवार, १६ एप्रिल

हे कुठेच लिहिलेलं नाही. इथे लिहितो. ही माझ्या वह्या वाचत नाही, अक्षर लागत नाही म्हणते.

बोटीच्या शेडच्या दारावर दादाने पांढऱ्या रंगात लिहिलंय — "सहा बोये. हिरवी कडी." अकरा वर्षं झाली. येणारा जाणारा वाचतो. दादा कोणाला सांगत नाही, फक्त दार उघडं ठेवतो.

ते सहा त्याचे नाहीत.

त्या उन्हाळ्यात तो रोज पाचवर अडकायचा. पाच, पाच, पाच. सहावा हातभर लांब राहायचा. जेवताना बोलेना. वहिनी म्हणाली, "भावोजी, हे झोपेत पाय झाडतात." मला बघवेना. एका सकाळी तो डाव्या बोयाकडे निघाला आणि मी बोट वीतभर डावीकडे घेतली. उजव्याकडे निघाला तेव्हा वीतभर उजवीकडे. बोट त्याच्याकडे सरकली की त्याचा दोर तेवढा लांब झाल्यासारखाच. सहा झाले! पाण्यातून असा ओरडला की पलीकडच्या काठाची बदकं उडाली. मला मिठी मारली, मी चिंब. त्याच दुपारी रंगाचा डबा आणला.

मग थांबता आलं नाही. रोज वीतभर डावी, वीतभर उजवी. बाहेरच्या स्पर्धेत दुसऱ्यांची बोट, दुसऱ्यांचा माणूस — तिथे त्याचे तीन व्हायचे, फार तर चार. "परक्या बोटीवर मला जमत नाही," म्हणायचा. मी मान डोलवायचो.

आणि धंदा काय माझा? दुकानदारांचे वजनकाटे तपासणं. काटा केसभर झुकला तरी शिक्का मारत नाही मी. बाप लेकाला आणून दाखवतात, असा माणूस असावा म्हणून.

रविवार, २० एप्रिल

तीन.

दादाने नवी स्की मागवलीय.

मंगळवार, २२ एप्रिल

नवी स्की आली. काळी, पातळ, टाचेपाशी निमुळती. वहिनीने फोनवर सांगितलं — जेवणाच्या टेबलावर ठेवलीय, ताटं मांडीवर घेऊन जेवतात. दादा व्हर्नियर लावून फिन मोजतो. अर्धा मिलिमीटर पुढे, अर्धा मागे. बूट एक भोक पुढे घेतले, परत मागे घेतले.

मोज बाबा, मोज! मोजायची गोष्ट फिनमध्ये नाहीच. ती माझ्या मनगटात होती आणि ती तू आराम करायला पाठवलीस.

लिहून बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटायला हवी, पण आज नाही वाटत.

रविवार, ४ मे

आज एक नीच गोष्ट केली. अर्धी केली.

डॉक्टरांनी बूच किल्लीपासून सोडून टाकलंय — खिशात टोचतं म्हणे. आज ट्रेलर उतारावर मागे घेत होते. मी काठावर. पाहिलं, बोटीच्या मागच्या भोकात बूच नाही. बूच तिकडे शेडच्या कट्ट्यावर, चहाच्या कपाशेजारी, राजासारखं बसलेलं.

मी ओरडायला हवं होतं. तोंड उघडलं आणि मिटलं. चाकं पाण्यात गेली. बोटीचा मागचा भाग पाण्याला टेकला. मनात म्हटलं, बुडू दे. एकदाची बुडू दे, मग कळेल कोण आराम करत होतं वीस वर्षं.

मग ओरडलो. "बूच!" — एवढंच. इतका जोरात की डॉक्टरांचा पाय ब्रेकवरून घसरला. दहा-बारा बादल्या पाणी आत गेलं होतं, तेवढंच. डॉक्टर घामाघूम. "वाचवलंत हो! देवासारखे आलात."

दादा मात्र माझ्याकडे बघत होता. मी काठावर कधीपासून होतो आणि मला तिथून काय दिसत होतं, याचा हिशोब त्याच्या चेहऱ्यावर दिसला. बूच घेतलं, सुतळी शोधली आणि किल्लीला परत बांधलं.

घरी आल्यावर हिने विचारलं, कसं झालं आज? म्हटलं, छान.

शुक्रवार, ९ मे

वहिनीचा फोन. "भावोजी, तुम्ही एकदा या ना. हे बोलत नाहीत. पहाटे उठून काठावर जाऊन नुसते बसतात. राग सोडा. भावाभावांत काय!"

म्हटलं, वहिनी, काढलं त्याने. बोलवायचं तर त्यानेच यायचं. माझा पत्ता बदललेला नाही.

मला काय हवंय ते आज मलाच स्पष्ट कळलं. चाक परत हवंय. आणि ते दादाने मागायला यावं — तोंडाने म्हणावं, छोट्या, तुझ्याशिवाय होत नाही. एकदाच. मग मी सगळं माफ करीन, वीतभर डावी-उजवीसुद्धा मरेपर्यंत पोटात ठेवीन. नाही आला तर एक दिवस दारापाशी उभा राहून सांगणार आहे सगळ्यांना, त्या ओळीतले सहा कोणाचे ते. वाक्य तयार आहे. दाढी करताना म्हणून बघतो.

शनिवार, १७ मे

आला! माझ्या काट्यांच्या दुकानात आला! मी भाजीवाल्याचा काटा लावत होतो. काटा परत शून्यावर आणायला लागला.

स्टुलावर बसला. वजनं उचलून बघितली, लहानपणी बाबांच्या दुकानात बघायचा तशीच. मग म्हणाला, "केसभर झुकला तरी नापास करतोस?"

"नापासच."

"बरोबर आहे," म्हणाला. बराच वेळ काट्याकडेच बघत राहिला. मी वाट बघत होतो. आता म्हणेल. आता म्हणेल.

"पुढच्या रविवारी ये. तुझ्या वहिनीचा हात मुरगळलाय. मागे बघायला माणूस हवाय."

मागे बघायला! म्हणजे चाकावर डॉक्टर, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून उलट्या सीटवर बसायचं, दादा पडला की हात वर करायचा. हे काम वहिनी विणकाम करता करता करते!

"येतो," म्हणालो. का म्हणालो? तोंडावर ताबा कसा तो नाहीच. तो गेल्यावर भाजीवाला म्हणतो, "भाऊ का तुमचे? अगदी तुमच्यासारखे दिसतात." त्याचा काटा मी उगाचच तीनदा तपासला.

रविवार, २५ मे

चालवणाऱ्याने मागे बघायचं नसतं. नजर पुढे, चाक हातात. दादा मला वीस वर्षं आरशात दिसला, अंगठ्याएवढा. आज पहिल्यांदा समोर दिसला.

म्हातारा झालाय. लाल कडीवर दम लागला नाही, पण हिरवी कडी बोटीतल्या खांबाला अडकवली तेव्हा तोंड पांढरं पडलं त्याचं. मला वाटायचं हा मस्तीत करतो सगळं. मस्ती कसली! घाबरलेला होता. प्रत्येक बोयाला जाताना दात आवळलेले, गालाची हाडं वर आलेली.

आणि डॉक्टर — मान्य करावं लागेल — बोट सरळ नेतात. मागच्या पाण्यावरची रेघ बघत होतो. दाभणाने ओढल्यासारखी. एकदाही डावी-उजवी नाही. या माणसाला काही येत नाही म्हणून सांगत फिरलो महिनाभर.

एक. दोन. तीनला बोया त्याच्या खांद्याखालून गेला. चौथ्याला तो पाण्यावर इतका आडवा झाला की कोपर बुडालं. मी ओरडलो, "ओढ दादा!" — कसा ओरडलो कोण जाणे. चार! पाचव्याला दोर हातातून सुटला.

जवळ गेलो. पाण्यात उताणा पडलेला, धापा टाकत. आणि हसत होता. सहावाला माणूस चारला हसतोय!

मी म्हटलं, "चारच झाले."

"चार झाले," तो म्हणाला.

बोटीत घेताना त्याचा हात धरला. सोडेना. मला वाटलं, आता म्हणेल चाकाचं. "तू बघितलंस ना?" एवढंच विचारलं. म्हटलं, बघितलं. डॉक्टरांनाही विचारलं, बोट कशी गेली? ते म्हणाले, सरळ. त्यावर परत हसला. लहान मुलासारखा!

मला काही कळत नाही. दोन घोट पाण्याबरोबर अक्कल पण गेली की काय याची? दारापाशी म्हणायचं वाक्य तोंडात होतं, पण लोक कोणी नव्हते आणि तो थंडीने कुडकुडत होता. टॉवेल दिला आणि घरी आलो.

सोमवार, २६ मे

चष्मा बोटीत राहिला होता म्हणून सकाळी शेडवर गेलो.

दारावरची ओळ नाही. खरवडून काढलीय, लाकूड दिसेपर्यंत. खाली नवीन रंग, अजून ओला. दादाचं अक्षर.

"चार बोये. हिरवी कडी. बोट सरळ."

म्हणजे माहीत होतं त्याला. आणि मला म्हणाला काय — तर आराम कर.