डबलर लावून काढलेला फोटो

खामगाव, पौष वद्य तृतीया

स्टुडिओची जागा नानासाहेबांची. आज त्यांनी धरलंच. "होणाऱ्या सुनेचा फोटो मले पटून नाही राह्यला. लेन्सले थो डबलर लाव अन् दुरून काढ. पोरीले कळू देऊ नको."

पटत नाही तो फोटो मीच काढलेला! तिच्या आईनं हात जोडले, म्हणून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गालावरचा भाजल्याचा डाग मीच झाकला. आता खरा दाखवला तर मी खोटा. नाही म्हटलं तर जागा जाते.

डबलर दूरचं दुप्पट जवळ आणतो, पण उजेड कमी पडतो, माणूस जरा हललं की चेहरा पुसट येतो. भिस्त त्यावरच. तिच्या घरासमोरच्या गच्चीवरून नेम धरला. अंगणातून तिनं मला पाहिलं, वेणी मागे टाकली, डागाचा गाल माझ्याकडे केला आणि बटण दाबेपर्यंत तशीच उभी राहिली.

काऊन केलंस असं? जराशी हलली असतीस, पोरी!