बगळबेटाचा क्रीडामंत्री

सोलापूर, पूर्व भाग
दि. ४ फेब्रुवारी १९७४

एकनाथ यास,

रामहरीचा नमस्कार. आधी 'सप्रेम' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं तुला दिसावं म्हणून कागद बदलला नाही. मी बरा आहे. काकूंचा गुडघा कसा आहे? त्यांना नमस्कार सांग. रीत संपली, आता कामाचं.

तुझं पत्र मिळालं. खोलीतल्या मायाप्पालाही वाचून दाखवलं, कारण मला वाटलं माझ्याच वाचण्यात काही चुकतंय. मायाप्पा मागावर असतो, मी त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरतो. ऐकून तो म्हणाला, "म्हंजे ज्यानं तुजं नाक कापलं, त्योच म्हणतुया, नाक घिऊन ये, नाटकात लागतंय?" मी म्हटलं, व्हय. "लई गुणी माणूस हाय की," म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

तुझं म्हणणं असं की, नाटकात क्रीडामंत्री करणारा ईरप्पा खो-खोच्या सरावात खांबावर आदळला, पाय मोडला, प्लास्टर घातलंय. एकांकिका स्पर्धा याच महिन्यात. क्रीडामंत्री नाही तर नाटक नाही. रामहरीचं नाव अजून कॉलेजच्या पटावर आहे, तेव्हा नियमात बसतं. आणि वर लिहितोस, 'ती बोली तुझ्याइतकी कुणालाच जमत नाही.' अरे, मला ती जमवावी लागत नाही. सांगोल्याकडं माझी आई तसंच बोलते, शेळ्यासुद्धा तेच ऐकून वळतात. जमवावं लागतं ते हे, तुला लिहितोय ते.

बगळबेट कुणाचं, ते एकदा कागदावर येऊ दे. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात खो-खोचा सराव संपला की आपण तिघं कंबर तलावाच्या काठी बसायचो. तू, मी आणि तुमच्या गल्लीतली लीला, मुलींच्या संघाची कप्तान. तळ उघडा पडला होता. मधे चिखलाचा एक उंचवटा आणि त्यावर एका पायावर उभे बगळे. मी म्हटलं, हा एक देश हाय. तू हसलास. लीलानं मात्र विचारलं, "मग तिथं राज्य कोण करतं?"

तिथून सुरू झालं. मी म्हटलं, तिथली निवडणूक म्हणजे खो-खोचा सामना, आणि जिंकणारा राज्य करत नाही. जिंकणारा खेळतो. हरेल त्यानं वर्षभर कारभार बघायचा, म्हणजे निवडणुकीत लोक जीव तोडून पळतील. खो-खोच्या पाटीसारखं मंत्रिमंडळ ओळीनं बसणार, एकाचं तोंड पूर्वेला, शेजारच्याचं पश्चिमेला, म्हणजे कुणाच्या पाठीमागं काही शिजायचं नाही. पाठीवर खो बसला की मंत्र्यानं खुर्ची सोडून पळायचं, आणि एकदा दिशा घेतली की माघारी वळायचं नाही. सैन्य नाही, शिट्टी आहे, ती राष्ट्रपतीच्या गळ्यात. राष्ट्रपती लीला, पंतप्रधान तू, क्रीडामंत्री मी. तिथं क्रीडामंत्री अर्थमंत्र्याच्या वर बसतो, हेही माझंच.

तुझं काय होतं त्यात? घटनेचं पहिलं कलम तू सांगितलंस, 'दर घरटी समुद्राचं पाणी प्यायला दोन घागरी.' लीला इतकी हसली की तिची वेणी सुटली. तिची मावशी रत्नागिरीला, तिनं समुद्र पाहिलेला. आपण दोघांनी नव्हता. खारट असतं हे पुस्तकात होतं, पण त्या उन्हाळ्यात पाणी म्हटलं की पुढचं काही आठवायचंच नाही. तेवढं एक कलम तुझं. बाकी देश माझा.

आणि डिसेंबरात गॅदरिंगला पडदा वर जातो, तर समोर बगळबेट. लेखक, दिग्दर्शक, पंतप्रधान, सगळं एकनाथ. राष्ट्रपती लीलाच. मी शेवटच्या रांगेत. देश घेतलास, ते एक वेळ गिळलं असतं. पण क्रीडामंत्र्याला तू तोकडं धोतर नेसवलंस, नाकातून बोलायला लावलंस, आणि शेवटी तो राष्ट्रपतीपुढं गुडघे टेकून म्हणतो, "मला पवाया येत न्हाय. पर तू पल्याड हुबी ऱ्हा, म्या येतो." बेटावरचा मंत्री आणि त्याला पोहता येत नाही. सगळा हॉल आडवा झाला. तुझ्या वहीत कंसात लिहिलेलं असणार, राष्ट्रपती हसते. ती हसली.

ते वाक्य कुठून आणलंस ते मी विचारत नाही. तुझ्या डोक्यातून आलेलं नाही एवढं मला ठाऊक आहे. असो.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात, कँटीनमध्ये, मुतारीतसुद्धा, "काय मंत्री, पवाया येतं का?" म्हणून मी तुला पार्क मैदानावर मारलं आणि कॉलेज सोडलं. मारल्याचं मला वाईट वाटत नाही. एकच मारली, याचं वाटतं.

येणार नाही. पुन्हा लिहू नकोस.

रामहरी


सोलापूर
दि. १० फेब्रुवारी १९७४

मा. पंतप्रधान, बगळबेट, यांस,

नमस्कार. काकूंनी तुझ्या पत्रासोबत शेंगाची चटणी पाठवली, ती मिळाली. चटणी पाठवून तह होत नसतो. पण चटणी मायाप्पानं दोन दिवसांत संपवली, आणि आता तोही म्हणतोय, जा.

मी येतो. क्रीडामंत्री मीच करतो.

का, ते विचारशील. कांड्या भरताना हात चालतो, डोकं मोकळं असतं. मोकळ्या डोक्यात आठवडाभर तूच. आधी वाटलं, पोरं घेऊन यावं, टोमॅटो घेऊन यावं, पडदाच ओढून पाडावा. मायाप्पा म्हणतो, "भर स्टेजवर दोन ठेवून दे की. मानसं म्हणतील नाटकच हाय." पण तेवढ्यावर माझं भागणार नाही. मला दुसरं सुचलंय. काय, ते सांगत नाही. पण बदला घ्यायला येतोय हे आधी लिहून कळवतोय. तू मला कळवलं नव्हतंस.

माझ्या अटी अशा. तालमी फक्त रविवारी, कारण मालक रजा देत नाही, तेलुगूत शिव्या देतो. धोतर मी माझं आणणार, घोट्यापर्यंत. नाकातून बोलणार नाही. मात्र तुझ्या संवादातलं एक अक्षर मी बदलणार नाही आणि तूही बदलायचं नाही. तुला आता भीती वाटेल आणि शेवटचं वाक्य गाळावंसं वाटेल. गाळायचं नाही. राष्ट्रपती लीलाच राहील. ती नसेल तर मी दारातून परत जाईन.

त्या वाक्याचं आता लिहितोच, नाही तर तालमीत तुझ्याकडं बघता येणार नाही. ते मी एकाच माणसाला म्हटलं होतं. ऑगस्टात, तलावात पाणी आल्यावर. तू तापानं घरी होतास. ती सायकलला टेकून उभी होती. 'पल्याड' म्हणताना मी खरंच पलीकडचा काठ दाखवला होता. ती हसली, "वेडा आहेस," म्हणाली आणि सायकलवर बसून गेली. मी रात्रभर आनंदात होतो.

म्हणजे तिनंच तुला सांगितलं. सहज सांगितलं असेल, नाही तर तू खोदून काढलं असशील. मी दुसरं धरून चाललोय. मारायला तू सोपा आहेस.

रविवारी येतो. चहा पाजू नकोस.

रामहरी


सोलापूर
दि. २७ फेब्रुवारी १९७४

एकनाथ यास,

नमस्कार. पहिला नंबर आल्याबद्दल अभिनंदन. इकडे सगळं ठीक आहे. उकाडा आत्ताच सुरू झालाय. प्रयोगानंतर तुझ्याशी न बोलता निघून आलो, म्हणून हे लिहितोय.

मला काय करायचं होतं ते आता सांगतो. मला तुझ्या नाटकातलं हसू मारायचं होतं. ते वाक्य तळ्यावर म्हटलं तसं म्हणायचं, सरळ, तिच्याकडं बघून. म्हणजे हॉलमध्ये कुणी हसणार नाही, तीही हसणार नाही, आणि तुझी एकांकिका तिथंच मरून पडेल. पाच वर्षांनीसुद्धा लोक म्हणतील, एकनाथचं ते नाटक, ज्यात कुणी हसलं नाही. आणि खरं सांगायचं तर, ती हसली नाही म्हणजे काय, याचंही उत्तर मी मनात तयार ठेवलं होतं.

निम्मं तसंच झालं. मी म्हटलं, "मला पवाया येत न्हाय." पहिल्या रांगेतलं खोकणं थांबलं. "पर तू पल्याड हुबी ऱ्हा, म्या येतो." पंखे ऐकू यायला लागले. कुणी हललं नाही. लीला माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, जिंकलो.

आणि ती हसली. बरोबर जिथं हसायचं तिथं. तेच हसणं, रे. तळ्यावरचं. ते मी होकार समजलो होतो.

मग सगळा हॉल फुटला, टाळ्या, शिट्ट्या. पुढचं तुला माहीत आहे. मला अभिनयाचा कप. परीक्षकांनी जवळ बोलावलं, म्हणाले, "ग्रामीण बोलीचा इतका अस्सल अभ्यास! कुणाकडं शिकलात?" मी म्हटलं, "शेळ्यांकडं." त्यांनी पाठ थोपटली. मी बदला घेतला आणि त्यांनी त्याला कप दिला. मायाप्पा कप उलटसुलट करून म्हणाला, "बुडाला भोक हाय, च्याला चालत न्हाय."

विंगेत लीला आली होती. तू तेव्हा प्राचार्यांबरोबर फोटोत होतास. ती म्हणाली, "रामहरी, कसलं म्हणालास रे. माझ्या अंगावर काटा आला." मग म्हणाली, "मी एकनाथला आधीच सांगितलं होतं, हे वाक्य नाटकात पाहिजेच. आणि ईरप्पा पडला तेव्हा रामहरीलाच आण म्हणून मागं लागले."

मी विचारलं, "तळ्यावर म्हणालो होतो, तेव्हा?"

"तेव्हाच तर सुचलं की," ती म्हणाली. "पुण्याच्या फायनलला मावशी येणार आहे बघायला. असंच कर हं."

तिच्या मनात काही नव्हतं, एकनाथ. वाईटसुद्धा नव्हतं. वाईट असतं तर मला काहीतरी करता आलं असतं. तिला ते वाक्य आवडलं होतं, बस. म्हणून तिच्यावर माझा राग नाही. राहिलास तू.

तुला वाटत असेल, मिटलं. नाही. आता खरं सांगतो.

मी गुडघे टेकले तेव्हा लीलाच्या मागं पंतप्रधानाच्या खुर्चीत तू होतास. पाटीच्या नियमानं तुझी पाठ प्रेक्षकांकडं. तुझं तोंड हॉलमध्ये कुणालाच दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मी बोलत होतो आणि तुझे ओठ हलत होते. आधी वाटलं, लेखक आहे, विसरेन म्हणून सांगतोय. पण तू माझ्याकडं बघतच नव्हतास. तू तिच्या पाठीकडं बघत होतास, आणि 'म्या येतो' म्हणताना तुझा चेहरा असा झाला की मी एक क्षण माझंच वाक्य विसरलो.

लहानपणापासून तुम्ही दोघं एका गल्लीत. तिच्या सायकलचं पंक्चर तू काढून आणणार, तिच्या सामन्याला पाणी तू नेणार, मला वाटायचं शेजारधर्म. इतक्या वर्षांत तुला स्वतःचं एक वाक्य सुचलं नाही. तिनं माझं सांगितलं आणि तू ते उचललंस, धोतर नेसवलंस, म्हणजे तुझं आहे हे कुणाला कळणार नाही. लोकांनी मला हसावं आणि तुझ्या मनातलं बाहेर पडावं. हुशार आहेस.

तर ऐक. मार्चात फायनलला मी पुण्याला येणार नाही. कॉलेजातून नाव काढून टाका म्हणून अर्ज आजच टाकला. ईरप्पाला भेटून आलो, त्याचा पाय मार्चअखेरपर्यंत प्लास्टरातून सुटत नाही. बाकी पोरांना मी विचारून पाहिलं. माझ्यानंतर ते काम करायला कुणी तयार नाही, कप मिळालाय ना त्याला. पंतप्रधान कुणीही बसवता येईल, त्याला हो म्हणण्यापलीकडं काम नाही. क्रीडामंत्र्याचं सगळं पाठ असलेला माणूस एकच आहे. नाटक मागं घेता येणार नाही, प्राचार्यांनी फोटो पेपरात दिलाय आणि लीलाची मावशी रत्नागिरीहून येतेय.

तुला पोहायला येतं. तरी म्हणावं लागेल, पवाया येत न्हाय. पुण्याच्या लोकांसमोर, गुडघे टेकून, तिच्या तोंडाकडं बघून. तेव्हा नाकातून बोलून बघ, म्हणजे जमतंय का कळेल. मला वाटतं तुला जमणार नाही. तू ते खरं म्हणशील. आणि मग ती हसेल, वेळेवर, कारण कंसात तसं तूच लिहिलंयस. खोडू म्हणशील, तर खोडून बघ. ती तरीही हसेल.

मी त्या दिवशी पहिल्या पाळीला असेन. पुण्याला यायचा मोह होतोय, पण नको. तिथं मी गुडघे टेकलेत, मला आतूनच दिसेल.

काकूंना साष्टांग नमस्कार. लीलाला माझ्याकडून काही सांगू नकोस. तुझ्याकडून तिला कळेलच.

रामहरी