पैकीच्या पैकी गुण मिळालेल्या सासूबाई

प्रति,
मा. पथकप्रमुख,
ज्येष्ठ नागरिक स्मृती पाहणी पथक,
यवतमाळ.

विषय : सासूबाईंचे गुण रद्द करून स्मृतिभ्रंशाची तपासणी पुन्हा करणेबाबत.
संदर्भ : १) घरभेटीचा तक्ता : रशीदाबी, वय ७१, राहणार नेर. २) आपल्या कार्यालयाने दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

अर्जदार अतिया नौशाद, धंदा रजई-गादी, शिक्षण शाळेत चौथीपर्यंत व पुढे रद्दीतल्या वर्तमानपत्रांवर, कबुलीसह कळविते की,

१) मागील उन्हाळ्यात आशा कार्यकर्त्या विमलताई तक्ता घेऊन घरी आल्या. ज्यांचे गुण कमी भरतील त्यांनाच मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवणार, हे त्यांनी आधीच सांगितले होते. अर्जदाराने ते नीट ऐकले, आणि तरी विमलताईंच्याच खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

२) "खाला, आज वार कोणता?" असे विचारल्यावर सासूबाईंनी अर्जदाराकडे पाहिले. अर्जदाराने ओढणी डोक्यावर घेऊन नमाजाचे हात बांधले. सासूबाई म्हणाल्या, "जुम्मा." पुढे आंबा, चाबी, नदी हे तीन शब्द थोड्या वेळाने परत सांगायचे होते. अर्जदाराने आंबा चोखला, कुलूप उघडले, हाताने पाणी वाहवले.
"काहून तिकडं पाहून राह्यल्या, खाला? मी इकडं हाव."
"सुनेले पाहून राह्यली. चांगली दिसते."
शेवटी कागदावर घड्याळाचे चित्र काढायचे होते, ते तर "अम्मीचा हात कापते" असे सांगून अर्जदाराने त्यांचा हात धरून स्वतःच काढले. तीसपैकी तीस पडले. विमलताई म्हणाल्या, "एवढे तर मलेबी नसते पडले!"

३) असे का केले, याचा खुलासा. तेवीस वर्षांपूर्वी अर्जदारास पाहायला बाया आल्या, तेव्हा नवऱ्याच्या एका फुफीने, म्हणजे आत्याने, विचारले की रजईला टाके कडेने घालतात की मधून. अर्जदार मेकॅनिकची मुलगी, तिला काय ठाऊक? फुफीच्या मागे बसलेल्या रशीदाबींनी गुपचूप तळहातावर बोट मधून कडेला ओढले. अर्जदार पास झाली. त्या दिवसापासून या घरात कोणी कोणाला चारचौघांत पडू दिलेले नाही. हा खुलासा आहे, सबब नाही.

४) विमलताईंच्या तपासणीनंतर सासूबाईंनी शिवलेल्या रजयांत सुया राहू लागल्या. अर्जदार दुपारी त्या उसवायची, सुई काढायची, पुन्हा शिवायची, आणि घरात कळू द्यायची नाही. वर शेजारच्या लालीबाईंना, त्यांचे मालक डोंगरसिंग यांच्यासाठी, तीच खुर्चीमागची युक्ती मोठ्या ऐटीत शिकवली. लालीबाईंनी पुढे आणखी दोन घरांत. आता आपल्या यादीत आमच्या गल्लीत विसरणारे शून्य आहेत, आणि म्हणून डॉक्टरांचे शिबिर दुसरीकडे गेले. त्या शून्यात अर्जदाराचा हात आहे.

५) मागील महिन्यात सासूबाई एकट्याच बाभुळगावच्या गाडीत बसल्या. तिथे त्यांचे माहेर होते. आता कोणी नाही. वाहकाने विचारले, "आजी, कोणाकडे जायचं? नाव काय तुमचं?" वाहक सांगत होते की आजींनी आधी वळून मागे पाहिले. बराच वेळ पाहत राहिल्या. मागे कोणी नव्हते.

६) अर्जदार आपल्या कार्यालयात आली तेव्हा बाबूसाहेब म्हणाले, "बाई, लोकं नापास झाल्यावर रडतात, तुमी पास झाल्यावर काहून रडून राह्यल्या?" पैकीच्या पैकी गुणवाल्यांची फेरतपासणी तीन वर्षांनी होते, असे समजले. त्याआधी हवी असल्यास, आपण केव्हापासून विसरतो हे लाभार्थ्याने स्वतः आठवून तारखेसह लिहून द्यावे. अर्जदाराने सासूबाईंपुढे कागद ठेवला. त्यांनी त्याची घडी करून उशीत भरली.

७) आजार लवकर कळला तर औषधाने आणि सांभाळण्याच्या रीतीने काही काळ बरा जातो, असे अर्जदाराने नंतर वाचले. आठ महिने अर्जदाराने खाल्ले. तरी विनंती की सासूबाईंचे, डोंगरसिंग यांचे व त्या दोन घरांतले गुण रद्द व्हावेत, सगळ्यांना डॉक्टर मिळावेत, आणि शिक्षा द्यायची तर ती अर्जदारास द्यावी.

८) तपासणीच्या वेळी अर्जदारास घराबाहेर काढून दाराला कडी लावावी. तिने कितीही शपथा घेतल्या तरी ऐकू नये. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिले की तिचे हात आपोआप उठतात.

आपली नम्र व चुकलेली,
अतिया नौशाद
नेर, दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) तीस गुणांचा तक्ता, छायाप्रत.
२) उसवलेल्या रजयांतील सुया, नग नऊ.
३) सासूबाईंनी काल एकटीने काढलेले घड्याळ, मूळ प्रत. सगळे आकडे एका कडेला आहेत. काम झाल्यावर परत मिळावे. मागे उभे न राहता काढू दिलेले हे पहिलेच.