अण्णांचं मौन

चंडीगढ,
९ डिसेंबर २०२४

ती. पदूताईस,

मंजूचा वाकून नमस्कार. गुडघे आता वाकू देत नाहीत, तेव्हा कागदावरच घे.

इकडे धुकं सुरू झालंय. सकाळी गॅलरीतून खालची गाडीसुद्धा दिसत नाही. तुझा मेतकुटाचा डबा पोचला. हृषीकेश दोनदा भात घेऊन जेवला, म्हणजे बघ. मीही बरी आहे.

तुझ्या पत्रात पहिलीच ओळ, "अगं भवाने, फोन का उचलत नाहीस?" ताई, फोन बिघडलेला नाही. मी सगळ्यांना तसं सांगते. सर्वेशच्या अपघाताचा फोन मीच घेतला होता ना. तेव्हापासून रिंग वाजली की मला फोन उचलवत नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडते आणि वाजायचं थांबेपर्यंत तिथंच उभी राहते. पोर जाऊन दीड वर्ष होत आलं, अजून हेच. मंडळातल्या बायका गणपतीत म्हणाल्या, मंजूताई किती खंबीर! खंबीर कसली डोंबलाची.

हृषीकेशचं तर सगळ्यांना दिसतं. अपघात झाला त्या चौकात तोच, बापच, आधी पोचला होता. आता ऑफिसला जाताना तो चौक टाळून सेक्टर पालथे घालत लांबून जातो. झोपेत ओरडतो. कुकरची शिट्टी झाली तरी दचकतो. आणि मी, ताई, मी त्याला म्हणायचे, "तुझ्या आईवर गेलायस."

तर इथं एक संशोधन चाललंय. मूल गेलेल्या आईबापांच्या मेंदूचे फोटो काढतात, रक्त घेतात. असा धक्का बसल्यावर कुणी सावरतं, कुणाला तो वर्षानुवर्षं सोडत नाही. मेंदूची ठेवण त्यात काय करते, त्यातलं घराण्यातून आलेलं किती आणि पदरी पडलेलं किती, ते शोधतायत. आम्ही दोघांनी नाव दिलं. लोकांना सांगताना मी म्हणाले, दुसऱ्या आईबापांच्या उपयोगी पडेल. खरं सांगू? मला वाटलं होतं, मशीनच एकदाचं सांगेल की हे सगळं हृषीकेशच्या घराण्याचं आहे.

हरलीन म्हणून डॉक्टर आहे, लाघवी पोरगी. तिनं आधीच सांगितलं की एकट्यादुकट्याचा निकाल देत नाहीत, शेकडो माणसांचं एकत्र बघतात. म्हणाली, "आंटी जी, हाइट भी तो माँ-बाप से आती है, उसमें शर्म कैसी?" मग विचारलं, दोन्ही घरांत असं दुःख कुणावर आलं होतं का, आणि पुढं काय झालं.

मी सासूबाईंचं सांगितलं. यमुनाबाईंची लहान मुलगी तापानं गेली होती, आणि पुढं कित्येक वर्षं त्या भरल्या पंगतीतून उठून तिला हाका मारत रस्त्यावर जायच्या. मी ते रंगवून सांगितलं गं. हातवारे करून. हृषीकेश शेजारी बसला होता, नखं बघत.

"और आपकी तरफ?"

"नहीं जी. हमारे यहाँ पक्का कोई नहीं."

पक्का! जीभ झडली नाही माझी.

गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "अण्णांचं सांगितलं नाहीस."

"अण्णा वेडे नव्हते. त्यांनी मौन धरलं होतं."

"हो. आणि माझी आई वेडी होती." मग त्यानं गाडी सुरू केली.

ताई, आपला भाऊ आदू कालव्यात बुडाला तेव्हा तू सतराची होतीस. अण्णांनी बोलणं टाकलं, बादलीत पाणी ओतलेलं ऐकलं तरी थरथरायचे. आई आत रडत बसलेली, आणि दारात आलेल्या बायकांना तू सांगितलंस, "अण्णांनी मौन धरलंय." तू आईला वाचवायला बोललीस, मला कळतं. पण गाव पाया पडायला यायला लागलं. अण्णा अंघोळ करत नाहीत तर म्हणे अवधूत झाले! मी नारळ गोळा करायचे. त्यांच्या खोबऱ्याच्या वड्या आपण खाल्ल्या, आणि अण्णा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेले. आपल्या दोघींची लग्नं जमवताना घराण्यात कुणी वेडंबिडं नाही ना, असं विचारलं, तेव्हा मामा छाती फुगवून म्हणाले, वडील साधुपुरुष आहेत. एकानंही अण्णांना डॉक्टरकडे नेलं नाही. साधूला कोण नेणार?

हरलीननं हृषीकेशला येत्या गुरुवारी उपचारासाठी बोलावलंय. हे बरं होण्यासारखं आहे म्हणाली. आणि काल तो म्हणतो, "मी जात नाही. रक्तातलंच आहे ना? मग कशाला तिचा वेळ घालवायचा." चिडून नाही, अगदी शांतपणे म्हणाला. त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. बरा होऊ शकेल असा माणूस मी माझ्या तोंडानं मागं फिरवला.

तेव्हा मी त्याला सांगून टाकलं. फोनचं, नळाचं, सगळं. मला वाटलं चकित होईल.

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर मी ऑफिसातून तुला कधी फोन करत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीड वर्ष तो मला झाकत होता आणि मी त्याच्या आईला चव्हाट्यावर मांडून आले होते. मी माफी मागितली. तो म्हणाला, "माझ्या आईला शेवटी शेवटी कुणी पंगतीत घेत नसे, मंजू. वाढून ताट मागच्या दारी द्यायचे. तुझ्या अण्णांच्या पाया पडत होते. दुखणं एकच होतं गं." आणि मग, "गुरुवारी आधी तू आत जा. खरं सांग. मग मी येतो."

मी जाणार आहे. अण्णांनी मौनबिन काही धरलं नव्हतं, ते घाबरले होते, असं सांगणार आहे. आणि मलाही तेच झालंय, हेही. तुझी परवानगी मागत नाही ताई, तेवढं धैर्य उरलं नाही, तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा खोटं बोलेन.

पौषात अण्णांची पुण्यतिथी. तू सकाळभर मौन पाळतेस, गाव जमतं. पाळ, मी मोडायला येणार नाही. रागानं हे पत्र फाडलंस तरी चालेल. पण सगळे गप्प बसायच्या आधी एकदा मोठ्यानं आदूचं नाव घे. तो गेल्यापासून त्या घरात ते कुणी घेतलेलं नाही.

अण्णांच्या वळणावर गेलेली,
तुझी मंजू