डोळ्याच्या औषधाची निळी पाटी

आई, तुला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी आत्ता कुठे पत्र लिहायला बसलोय. शनिवारची दुपार आहे, बाहेर बर्फ पडतोय. बायको आणि मुलगी बाहेर गेल्यात आणि मी शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये एकटाच. छताजवळ एक आडवी खिडकी आहे, तिच्यातून बर्फाचा पांढुरका उजेड आत येतो आणि भिंतीवरच्या निळ्या पाट्यांवर पसरतो. चौदा पाट्या आहेत. जपानमधल्या जुन्या औषधांच्या दुकानांबाहेर टांगायच्या, लोखंडी पत्र्यावर इनॅमल भाजून केलेल्या. त्यांवरचं एकही अक्षर मला वाचता येत नाही. ही खोकल्याची, ही पोटाची, ही जंतांची, असं विकणाऱ्यांनी सांगितलं तेवढंच ठाऊक. बायको म्हणते, माणसं बेसमेंटमध्ये टीव्ही लावतात, आमच्याकडे दवाखाना आहे. म्हणू दे. इथे खुर्चीत बसून डोळा लागला की तू दिसतेस. काउंटरमागे उंच स्टुलावर, चष्मा नाकावर घसरलेला. जपानी गिऱ्हाइकं खांद्यावरचा बर्फ झटकत आत येतात, चिठ्ठी पुढे करतात आणि तू ती घडाघडा वाचतेस. डॉक्टरांचं कसलंही अक्षर तुला लागायचं, तिथे जपानीचं काय मोठंसं.

कराडच्या आपल्या दुकानाच्या दाराशीही अशीच एक निळी पाटी होती, खोकल्याच्या औषधाची, आठवते ना? तू गेलीस तेव्हा मी पुण्याला कॉलेजात होतो. वर्षश्राद्धाला आलो आणि दुकानावरून गेलो तर नव्या मालकाने तिथे आत दिवे असलेला मोठा बोर्ड लावला होता. जुनी पाटी कुठे गेली, हे मी विचारलंही नाही. शरम वाटली, की आळस केला, देव जाणे. आणि मग बारा वर्षांनी, इथल्या एका जुन्या बाजारात, तुटके दिवे आणि कपबश्यांच्या ढिगात तसाच निळा रंग दिसला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. तिथून हे वेड लागलं.

मला सांगायचंय ते मात्र एकाच पाटीचं. डोळ्याच्या औषधाची पाटी, मधोमध एक मोठा डोळा काढलेला, पापण्यांसकट. त्या पाटीकडे पाहिलं की ती आपल्याकडे पाहते. ही आणल्यावर वर्षभराने दसरा आला. खंडेनवमीला तू दुकानातला खल, तराजू, ती पाटी, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचीस, हळदीकुंकवाची बोटं ओढायचीस, झेंडू वाहायचीस. इतक्या वर्षांत इथे मी खंडेनवमी कधी केली नव्हती. लॅपटॉपला कुंकू लावायचं म्हणजे मलाच हसू येतं. पण त्या वर्षी शिकागोतल्या डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानात झेंडू मिळाला आणि मला काय सुचलं कोण जाणे, ती डोळ्याची पाटी उतरवली, पाटावर ठेवली आणि कालवलेल्या हळदीची पाच बोटं तिच्यावर ओढली. तू ओढायचीस तशीच, वरून खाली. ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज होता, पाटी दोन दिवस तशीच राहिली. पुसायला गेलो तर पांढऱ्या भागातल्या बारीक भेगांत हळद शिरलेली. खालच्या कोपऱ्यात इनॅमलचा टवका उडाला होता, तिथे तर पिवळाधमक डाग. जमवणारा माणूस जुन्या वस्तूला ओला हातसुद्धा लावत नाही आणि मी तिची पूजा केली. मुलगी म्हणाली, डॅड, यू रुइन्ड इट. मी चिडलो तिच्यावर, कारण ती खरं बोलत होती.

पुढच्या वसंतात ज्याच्याकडून ती घेतली होती त्या दुकानदाराचा ऑफिसात फोन आला. एक आजी आहेत शिकागोत, ती पाटी त्यांच्या वडिलांची, भाच्याने गॅरेज साफ करताना न विचारता विकली, परत मिळेल का, असं विचारत होता. आजींचे वडील कॅलिफोर्नियात औषधं विकायचे. युद्धात सरकारने जपानी घरं उठवून छावण्यांत नेली तेव्हा दुकान गेलं, ही एक पाटी तेवढी उरली. भाऊ असेपर्यंत ती त्याच्याकडे होती. आता भाऊही नाही. ऐकूनच मी हो म्हणालो. कुणीही म्हणालं असतं.

आता ऐक. माझ्याकडे तीच पाटी आणखी एक होती. तोच डोळा, तोच निळा, तीच कंपनी, फक्त लख्ख, ओरखडाही नसलेली. शनिवारी सकाळी मी ती लख्ख पाटी जुन्या चादरीत गुंडाळली आणि गाडीत ठेवली. हळद लागलेली कशी द्यायची, म्हातारीला वाईट वाटेल, असं स्वतःला समजावत होतो. शिकागोपर्यंत तूही गाडीत होतीस. डॉक्टरने लिहिलेलं औषध नसलं की दुसऱ्या कंपनीचं काढून गिऱ्हाइकासमोर धरायचीस आणि म्हणायचीस, "हे ते नाही. कंपनी दुसरी, औषध तेच. चालेल का?" मागे रांग लागली तरी उत्तराला थांबायचीस. मी एकदा न सांगता दुसरी बाटली दिली तर भर दुपारी मला स्टँडवर पिटाळलंस, गाडी सुटायच्या आत त्या बाईला गाठून सांगून ये म्हणून. चालेल म्हणाली ती, पण तू दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस. हे सगळं आठवत असताना मी मनात म्हणत होतो, अगं, इथे तर कंपनीही तीच आहे.

आजींचं घर दुसऱ्या मजल्यावर, डेव्हनपासून दहा मिनिटांवर. अंगाने एवढीशी, पण ताठ. माझे बूट दारातच काढलेले पाहून खूष झाल्या. पाटी टेबलावर ठेवली तेव्हा कितीतरी वेळ त्या डोळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, लहानपणी भावाचा बेसबॉल या पाटीवर बसला होता आणि वडिलांनी त्याला इतका मारला की त्या स्वतःच रडल्या होत्या. बोलता बोलता त्यांचं बोट खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे फिरलं. परत फिरलं.

"मला वाटायचं इथे टवका उडालाय," त्या म्हणाल्या. "म्हणजे मीच मनात रचलं असेल. म्हातारपण."

तेव्हा बोलायला हवं होतं, आई, एका वाक्याचं काम होतं. त्यांनी हिरवा चहा ओतला आणि मी तो प्यायलो.

या गोष्टीला दोन वर्षं होत आली. डेव्हनवर किराणा आणायला गेलो की त्यांच्याकडे डोकावतो, भाजलेले शेंगदाणे नेतो, त्यांना आवडतात. पाटी बैठकीत लावली आहे. आधी त्या भावाची गोष्ट सांगताना 'बहुतेक' म्हणू लागल्या. मग 'मला आपलं वाटतं' म्हणू लागल्या. आज सकाळी गेलो होतो. शेजारच्या एक बाई आल्या होत्या, त्यांनी पाटीबद्दल विचारलं. आजी म्हणाल्या, वडिलांची आहे, आणि लगेच हवेबद्दल बोलायला लागल्या. भावाचं नावसुद्धा काढलं नाही. त्या शहाऐंशीच्या आहेत. एका म्हातारीचा भाऊ मी तिच्या डोक्यातून काढून घेतला. परतताना हायवेवर मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

खरी पाटी समोर आहे. उद्याच्या उद्या ती घेऊन जाऊ शकतो, वीस मैल तर आहे. आत्तापर्यंत बायकोला, मुलीला, स्वतःला डागाचंच कारण सांगत आलो. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला तरी खरं सांगतो. हळदीचा डाग उन्हात ठेवला की उडतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घरामागे डेक आहे, इथला उन्हाळा पंधरा-पंधरा तास उजेडाचा. मी ती पाटी एक दिवसही उन्हात ठेवली नाही.